काकाजींनी फळ्यावर लिहिलं होतं

झाडे काकाजी कोरड्या खडूनं कधीच लिहीत नसत. सकाळी मी वाचनालयाचं कुलूप उघडलं की ते आधी माठाकडे जात, वाटीत पाणी घेत, खडू त्यात बुडवत आणि मग बाहेरच्या फळ्याकडे वळत. ओल्या खडूनं लिहिताना अक्षर दिसत नाही, नुसता ओला ओरखडा दिसतो. वाळत गेलं की तेच पांढरंशुभ्र, ठसठशीत होतं आणि कुणाची पाठ लागली तरी पुसत नाही. "कोरडं लिहणं म्हंजे बाई, बिनदमाचं लिहणं," असं ते म्हणत. मी तिथली ग्रंथपाल, वयानं त्यांच्या मुलीएवढी. पण खुर्चीवर बसते म्हणून मला ते 'बाई'च म्हणत.

हिंगणघाटच्या आमच्या वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर, चौकाकडे तोंड करून हा फळा आहे. वर रंगानं 'वार्ताफलक' लिहिलेलं. काकाजी मिलच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी मांडायला होते. मिल बंद पडली तेव्हा घर त्यांना खायला उठलं, आणि वाचनालयाच्या अध्यक्षांनी त्यांना या फळ्यावर बसवलं. पगार नाही, फक्त सकाळचा चहा. पण काकाजींचा तोरा असा, की जणू गावाची जहागीर मिळाली. दुसऱ्या कुणी फळ्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा आमच्या शिपायानं उत्साहानं फळा धुऊन ठेवला, तर दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत.

पेपरांतल्या बातम्या ते फळ्यावर उतरवत, पण जशाच्या तशा नाही. उद्गारचिन्हाचा त्यांना भयंकर राग. "बातमीले कायले किंचाळाले लावता?" म्हणत. 'शहरात खळबळ' असं छापून आलं की चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारत, "खळबळ कोठी झाली, बाई? मी तं चौकातूनच आलो." आणि 'सूत्रांनी सांगितले' वाचलं की हमखास एक वाक्य ठरलेलं: "हे सूत्र कोणाचा पोरगा?"

त्यांचे नियम दोन होते. पहिला, नागपूरहून येणाऱ्या दोन्ही पेपरांत असल्याशिवाय बातमी फळ्यावर घ्यायची नाही. "एका तोंडची गोष्ट म्हंजे गप्पा. दोन तोंडची म्हंजे बातमी." दुसरा नियम ठेच लागून शिकलेला. गावात विठ्ठल राऊत दोन. त्यातले एक वारले, काकाजींनी फळ्यावर नुसतं नाव लिहिलं आणि मंडळी हार घेऊन दुसऱ्याच विठ्ठलरावांच्या दारात. दार खुद्द विठ्ठलरावांनी उघडलं. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि हार ठेवून घेतला म्हणे, पण काकाजी शरमेनं अर्धे झाले. तेव्हापासून माणसाचं नाव आलं की तो कोण, कुठला, कोणाचा हे सगळं ते खाली बारीक अक्षरात लिहीत. लोक थट्टा करायचे, काकाजी एखाद्याच्या सात पिढ्या लिहितील. पण चुकामूक पुन्हा झाली नाही.

गावाचा फळ्यावर विश्वास बसला तो अशा गोष्टींमुळे. एकदा बँकेच्या पायरीवर बेवारस पिशवी सापडली. बॉम्ब, बॉम्ब म्हणत अर्धा बाजार बंद झाला, पोलीस आले, कुणीतरी तर टिकटिक ऐकू येते असंही शपथेवर सांगितलं. संध्याकाळी एका चॅनेलच्या खालच्या पट्टीवर आमच्या गावाचं नाव सरकत गेलं, आणि त्याचाच लोकांना काय तो अभिमान. दुसऱ्या दिवशी काकाजींनी लिहिलं, 'बँकेच्या पायरीवरील पिशवीत आंब्याचे लोणचे निघाले. ज्यांचे असेल त्यांनी पोलीस ठाण्यातून न्यावे.' वाचून काही लोक खरोखर हिरमुसले.

मागे एकदा सीमेवर तंग वातावरण होतं, तेव्हाची गोष्ट. हॉटेलवाला गणेश पेढ्यांचा डबा घेऊन धावतच आला. टीव्हीवर निवेदक सायरन वाजवत ओरडत होते, शत्रूचं अख्खं बंदर ताब्यात आल्याचं.

"काकाजी, लिहा. बंदर घेतलं आपल्या फौजेनं. सगळे चॅनेल दाखवून राह्यले."

"घेतलं ना? मंग उद्याही आपल्यापाशीच राहीन. उद्या लिहतो."

"तुम्हाले देशाचं काई हाय का नाई?"

"देशाचं हाय म्हणूनच उद्या लिहतो म्हणलं. आण तो पेढा."

दुसऱ्या दिवशी पेपरात बंदराचं नावही नव्हतं. चॅनेलवाले दुसऱ्याच विषयावर ओरडत होते. चुकलं, असं एकानंही म्हटलं नाही. गणेश आठवडाभर फळ्यासमोरून मान खाली घालून जायचा. काकाजी त्याला मुद्दाम हाक मारून विचारत, "काऊन रे, बंदर कसं हाय?"

आता इथवर वाचून कुणाला वाटेल, की मी एका देवमाणसाचं चित्र काढते आहे. तसं नाही. काकाजी हट्टी होते, मानाचे भुकेले होते, आणि शेवटच्या काही वर्षांत मनातून दुखावलेले होते. हातोहाती मोबाईल आले आणि फळ्यासमोरची गर्दी आटली. पूर्वी एसटीला निघालेला माणूसही क्षणभर थांबून फळा वाचायचा. आता लोक फळ्याला टेकून मोबाईल वाचत. काकाजी आतून काचेतून बघत बसत. रोजचे वाचक उरले दोन-चार पेन्शनर आणि शब्बीरभाई.

शब्बीरभाईंचं चौकाच्या कोपऱ्यावर गाद्या-रजयांचं दुकान. कापूस पिंजायचं यंत्र सुरू करण्याआधी चहाचा ग्लास हातात घेऊन ते फळ्यासमोर येत आणि मोठ्यानं वाचत. अगदी शाळेतल्या मुलासारखं, शब्द तोडून. दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. काकाजी आतून ऐकत आणि अडखळले की खिडकीतूनच पुढचा शब्द सांगत. दोघांची खरी मैत्री होती असं मी म्हणेन, जरी दोघंही एकमेकांच्या घरी क्वचितच गेले असतील. एखाद्या सकाळी शब्बीरभाई उशिरा आले, तर काकाजींचा चहा निवून जायचा.

शब्बीरभाईंचा मुलगा आरिफ. एसी दुरुस्तीचं काम शिकून हैदराबादला गेलेला. गावात आरिफ नावाचा आणखी एक मुलगा होता, सायकल दुकानवाल्या हमीदभाईंचा.

त्या दिवशी कुठल्या तरी मोठ्या शहरात स्फोट झाला. माणसं मेली. संध्याकाळपासून चॅनेलांवर लाल चौकटी, आणि त्यातल्या एका चौकटीत आमचं गाव. 'हिंगणघाटचा आरिफ', 'दहशतीचं विदर्भ कनेक्शन', असं काय काय. धूसर केलेला एक फोटो, तो कुणाचाही असू शकला असता. तासाभरात सायकल दुकानासमोर टोळकं जमलं. तो आरिफ बिचारा दुकानात पंक्चर काढत बसलेला. त्यालाच विचारत होते, तू बाहेर कसा?

सकाळी मी कुलूप उघडलं तेव्हा काकाजी आधीच पायरीवर बसलेले होते, दोन्ही पेपर मांडीवर. आणि फळ्यासमोर गर्दी. कित्येक वर्षांत मी तिथे एवढी माणसं पाहिली नव्हती. मोबाईलवर सगळं वाचून झालेलं, पण त्यांना काकाजी काय लिहितात ते बघायचं होतं. गर्दीतून हमीदभाई पुढे आले आणि त्यांनी काकाजींसमोर हात जोडले. "काकाजी, तुम्ही लिहा बाप्पा, तो माहा पोरगा नोहे म्हून. तुमचंच ऐकतीन हे लोकं."

मी म्हटलं, "काकाजी, आज राहू द्यायचं का? उद्या बघू."

त्यांनी दोन्ही पेपर माझ्यासमोर धरले. "दोन तोंडं हायेत, बाई. हैदराबादले एसीचं काम करणारा आरिफ, असं दोन्हीत हाय. आन् नाई लिहलं तं या गरिबाचं दुकान फोडतीन."

ते खरंही होतं. पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता. गर्दी त्यांच्यासाठी थांबली होती. त्यांनी वाटीत खडू जरा जास्तच वेळ बुडवला, आणि लिहायला लागले तेव्हा त्यांची पाठ पूर्वीसारखी ताठ होती. स्फोटाची बातमी लिहिली. 'या प्रकरणी हिंगणघाटचा आरिफ ताब्यात, दहशतवाद्यांशी संबंध असल्याचा संशय,' असं लिहिलं. आणि खाली आपल्या नियमानं बारीक अक्षरात: 'सदर आरिफ हा सायकल दुकानवाले हमीदभाई यांचा मुलगा नव्हे. चौकातील गादीवाले शब्बीरभाई यांचा मुलगा, हल्ली मुक्काम हैदराबाद.'

ओलं अक्षर हळूहळू वाळत पांढरं झालं. लोकांनी मोबाईल वर धरले आणि फोटो काढले.

एवढ्यात शब्बीरभाई आले. ग्लास हातात, नेहमीसारखे. त्यांनी टीव्ही पाहिला नव्हता. मुलाचा फोन लागत नव्हता म्हणून फक्त काळजीत होते, हे मागाहून कळलं. गर्दीनं त्यांना वाट दिली. त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'या प्रकरणी हिंगणघाटचा' इथपर्यंत वाचलं. पुढचं मनात वाचलं. खिडकीतून त्या दिवशी कुणी शब्द सांगितला नाही. त्यांनी ग्लास फळ्याखालच्या कठड्यावर ठेवला आणि दुकानाकडे न जाता घराकडे गेले.

हमीदभाईंचं दुकान वाचलं. टोळकं तिथून उठलं आणि गादीच्या दुकानासमोर येऊन उभं राहिलं.

पुढे जे निघालं ते इतकं साधं होतं की संताप यावा. संशयित हैदराबादला ज्या लॉजवर उतरला होता, तिथला एसी आरिफनं दुरुस्त केला होता. त्याचा नंबर संशयिताच्या मोबाईलमध्ये सापडला. पोलिसांनी बोलावलं, विचारपूस केली, खात्री करून काही दिवसांत सोडून दिलं. यात पोलिसांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी विचारायला हवंच होतं. पण विचारपूस आणि गुन्हा यांच्यामधलं अंतर चॅनेलवाल्यांनी एका संध्याकाळीत बुजवलं. सुटल्याची बातमी एका पेपरनं आतल्या पानावर, जाहिरातीच्या कडेला, नाव न देता छापली. दुसऱ्यानं तेवढंही केलं नाही. चॅनेलांच्या तर गावीही नव्हतं.

ती चिमुकली बातमी काकाजींनी मला दाखवली. मग कपाटातून त्या दिवशीचे दोन्ही पेपर काढायला लावले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत वाचले. दोन्हीकडची वाक्यं शब्दाला शब्द सारखी होती. छपाईतली एक चूकसुद्धा दोन्हीकडे तीच.

"बाई," ते म्हणाले, "पेपरं दोन, पण तोंड एकच होतं हो. मी मोजाले चुकलो."

आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी तपासलेला माणूस हे म्हणत होता.

त्यांनी फळा पुसला आणि आख्ख्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की शब्बीरभाई यांचा मुलगा आरिफ निर्दोष असून पोलिसांनी त्यास सोडले आहे, या फळ्यावर पूर्वी लिहिलेली बातमी चुकीची होती, आणि लिहिणारा दिलगीर आहे. खाली सही केली. फळ्यावर त्यांनी सही केलेली मी तेवढीच पाहिली. मग मला म्हणाले, "बाई, फोटू काढा आन् पाठवा सबन गावाले." मी गावातल्या माहीत असलेल्या प्रत्येक ग्रुपवर पाठवला. एक-दोघांनी अंगठा दाखवला. एकानं विचारलं, कोण आरिफ? आणखी एकानं लिहिलं, 'पुरावा नसन भेटला म्हणून सोडलं.' पुढे कुणी पाठवला नाही. पहिला फोटो मात्र अजून फिरतच होता. नातेवाइकांकडून, नागपूरहून, पार अमरावतीहून तो परत आमच्याच मोबाईलवर यायचा, आणि खाली लिहिलेलं असायचं, 'हिंगणघाटच्या वार्ताफलकावर आलं आहे, म्हणजे खरंच आहे.' एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलंच, म्हणतात. इथे तर ते नाव गावातल्या सगळ्यात विश्वासू हातानं लिहिलं होतं.

काकाजी ती दिलगिरी पुसू देईनात. दुसरी बातमीही लिहीनात. रोज वाळून फिकं झालेलं अक्षर ओल्या खडूनं पुन्हा गिरवत. समितीची माणसं कुरकुरायला लागली, हे किती दिवस चालायचं? शेवटी अध्यक्षांनी शिपायाकडून फळा पुसून घेतला. काकाजींनी वाद घातला नाही. वाटी धुऊन माठावर पालथी घातली आणि गेले. नंतर ते वाचनालयात पेपर वाचायला येत, पण खडूला हात लावला नाही.

फळा पुसला जाण्याआधी एकदा ते मला म्हणाले, "शब्बीरभाईकडं येता का संगं? एकट्याचा पाय उचलत नाई." मी गेले. दुकान उघडं होतं, पण यंत्र बंद. लग्नसराईचे दिवस असूनही एकही गादी टाक्याला लावलेली नव्हती. शब्बीरभाईंच्या मुलीचं यवतमाळकडे जमलेलं लग्न मोडलं होतं. सोयऱ्यांनी तो फोटोच पाठवून विचारलं होतं, हे काय आहे? शब्बीरभाईंनी आम्हाला रजईवर बसवलं, पोराला हाक मारून चहा मागवला. आरिफच चहा घेऊन आला. काकाजींना त्याच्याकडे बघवेना.

"शब्बीरभाई, मले दोन शिव्या द्या," काकाजी म्हणाले.

"शिव्या कायले देऊ, झाडेजी? तुम्ही खोटं कोठी लिहलं? आरिफ माहाच पोरगा. हैदराबादलेच होता. सब बराबर लिखा तुमने. बाकीयनं तं नुसतं 'आरिफ' लिहलं, तुम्ही माह्या नावापुढं 'भाई' तरी लावलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. काकाजी ग्लास हातात तसाच धरून बसले. मग शब्बीरभाईच बोलले, रजईच्या शिवणीवरून हात फिरवत.

"एकच सांगा. तुम्ही दोन तोंडं पाहता, मले मालूम हाय. पण मी तं रोज सकाळी तिथीच उभा राहतो, तुमच्या खिडकीपाशी. तुम्ही मले काऊन नाई विचारलं?"

काकाजींनी ग्लास खाली ठेवला आणि उठले. परत येताना आम्ही चौक ओलांडला. फळ्यापाशी आल्यावर काकाजी म्हणाले, "विचाराचंच सुचलं नाई, बाई. पेपरात आलतं ना." मला त्यांची दया आली आणि रागही आला. खरं सांगायचं तर राग जास्त आला. पण तो एकट्या त्यांच्यावरचा नव्हता. संशयाला रंगीत चौकट लावून विकणाऱ्या निवेदकांवर होता, ज्यांना हिंगणघाट नकाशात दाखवता आलं नसतं. आणि तो फोटो पुढे ढकलणाऱ्या माझ्याच गावच्या शिकल्यासवरल्या माणसांवर होता. त्यांच्यापैकी एकालाही झोप लागली नाही असं मी ऐकलं नाही. झोप उडाली ती फक्त काकाजींची.

शब्बीरभाईंनी दुकान विकलं आणि सगळं कुटुंब चंद्रपूरला मेहुण्याकडे गेलं. जाताना ते वाचनालयात आले नाहीत. त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.

त्यानंतर काकाजी लवकर थकले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बायको आधीच गेलेली, तेव्हा वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहणारी मुलगी म्हणाली, आता एकटं राहायचं नाही. तिच्याकडेच ते गेल्या वर्षी वारले. मला दोन दिवसांनी कळलं. अध्यक्षांनी विचारलं, फळ्यावर लिहायचं का? मी लिहिलं. झाडे काकाजी, टाइम ऑफिसवाले, आमच्या फळ्यावर लिहिणारे, असं सगळं लिहिलं. माझं अक्षर काही त्यांच्यासारखं नाही.

पण मला ते आठवतात ते वर्ध्याच्या गाडीतले. मुलीकडे कायमचे निघाले तेव्हा मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले होते. सीमेवर पुन्हा धुमश्चक्री सुरू होती, स्टँडवर जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. मी पिशवी वर ठेवून दिली, पाण्याची बाटली दिली आणि खाली उतरून त्यांच्या खिडकीपाशी उभी राहिले. त्यांच्या शेजारी आमच्याच गावचा एक मध्यमवयीन माणूस येऊन बसला. त्याचा मोबाईल वाजला. त्यानं बघितलं आणि काकाजींपुढे धरला.

"पाहा काकाजी, आपल्या गावात काय चालून राह्यलं. आजच आलं."

काकाजींनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. नव्या भिंगांतून ते बराच वेळ बघत राहिले. मलाही खिडकीतून दिसलं. काळा फळा, पांढरं अक्षर.

"हे आजचं नोहे," काकाजी म्हणाले. "जुनं हाय. आन् खोटं हाय. त्या पोराचा काईच संबंध नोहता. मले मालूम हाय, मीच लिहलं होतं हे."

"तुम्ही लिहलं?" त्या माणसानं मोबाईल परत घेतला, फोटोकडे बघितलं, मग आदरानं काकाजींकडे. "मंग खरंच असन, काकाजी. तुम्ही काई असंतसं लिहणार नाई."

काकाजींनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणायच्या आत कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी निघाली.